कलावंत विकला गेला म्हणजे काय?

एखादा गायक, नट किंवा लेखक बहुजनांच्या आवडीचा होऊं लागला, कीं त्याचे पहिलेवहिले चाहते नाक मुरडूं लागतात, हा अनुभव सर्व देशांत येतो. ‘पूर्वीं तो कलावंत होता, आतां दुकानदार झाला,’ असा त्यांचा निर्णय असतो. या निर्णयांत कांहीं सत्य असतें. आणि जें आम्हां चौघांनाच कळत होतें तें आतां सर्वांना कळूं लागलें, याचा विषादहि त्यांत असतो. हीं दोन एकमेकांपासून वेगळीं काढणें सोपें नाहीं. तथापि तसा प्रयत्न करून पाहावा, म्हणून आम्ही ‘जेनेसिस’ या इंग्रजी वाद्यवृंदाची हकीकत येथें विचारास घेत आहों. वरच्या वर्गांतील जीं मुलें इंग्रजी रॉक संगीत ऐकतात, त्यांच्यांत या वाद्यवृंदाविषयीं दोन तट आढळतात. एका तटास त्याच्या १९७२ च्या सुमाराच्या दीर्घ रचना तेवढ्या खऱ्या वाटतात. दुसऱ्यास १९८६ चीं चार-चार मिनिटांचीं गाणीं तोंडपाठ असतात, परंतु त्या दीर्घ रचना ऐकण्याचा धीर नसतो. पालकांपैकीं पुष्कळांस हे दोन्ही प्रकार सारखेच गोंगाटाचे वाटत असतील. त्यांनाहि आमची विनंति आहे कीं, त्यांनीं हा लेख शेवटपर्यंत वाचावा. कारण प्रश्न केवळ गाण्याचा नाहीं.

या वाद्यवृंदाचा जन्म एका शाळेंत झाला, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिवाचकांस विशेष वाटेल. इंग्लंडांतील सरे परगण्यांत गॉडल्मिंग येथें चार्टरहाउस नांवाची जुनी निवासी शाळा आहे. १६११ सालीं लंडनमध्यें तिची स्थापना झाली व १८७२ त ती सध्यांच्या जागीं आली. तेथें १९६७ सालीं पीटर गेब्रिएल, टोनी बँक्स, माइक रदरफर्ड, अँथनी फिलिप्स आणि ख्रिस स्टुअर्ट हीं मुलें शाळेंतील दोन लहानशा वाद्यवृंदांतून एकत्र आलीं. बँक्स पियानो व ऑर्गन वाजवीत, फिलिप्स व रदरफर्ड गिटार वाजवीत, स्टुअर्ट यांच्याकडे ड्रम असे आणि गेब्रिएल गात. (यांपैकीं स्टुअर्ट लवकरच बाहेर पडले. पुढें त्यांनीं मेंढ्यांची लोकर कातरण्याचें काम केलें, स्पेनमध्यें शेती केली आणि त्या शेतीवर पुस्तक लिहून नांव मिळविलें. शाळेंत सुरू केलेला प्रत्येक उद्योग ज्याचा त्यानेंच तडीस नेला पाहिजे असें नाहीं.)

आतां दोन्ही तटांतील मंडळी जी गोष्ट विसरतात ती अशी. या मुलांनीं आरंभ केला तो दीर्घ व गहन रचनांनीं नव्हे. त्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी त्या वेळीं लंडनच्या संगीतव्यवसायांत नांवारूपास आला होता. त्यानें या मुलांना हाताशीं धरलें, वाद्यवृंदाचें नामकरण केलें आणि लहान व सुटसुटीत गाण्यांची अपेक्षा केली. त्याला ‘बी जीज’ या त्या काळच्या लोकप्रिय मंडळीचीं गाणीं फार आवडत. तेव्हां मुलांनीं मुद्दाम त्या वळणाचें एक गाणें रचून त्याच्यापुढें ठेविलें. तें १९६८ च्या फेब्रुवारींत प्रसिद्ध झालें आणि कोणाच्या फारसें कानावर न पडतां विरून गेलें. पुढील वर्षीं मार्च महिन्यांत पहिली मोठी तबकडी निघाली. बायबलांतील ‘उत्पत्ति’ हें पहिलें पुस्तक आणि ‘प्रकटीकरण’ हें शेवटचें, या दोहोंचीं नांवें जोडून तिचें नांव ठेविलें होतें. परिणाम असा झाला कीं, कांहीं दुकानदारांनीं ती धार्मिक संगीताच्या खणांत नेऊन ठेविली! मुलांच्या वादनावर मागाहून तंतुवाद्यांचा थर चढविण्यांत आला होता. तो त्यांना मुळींच रुचला नव्हता. ही तबकडीहि खपली नाहीं.

म्हणजे ‘आधीं निर्मळ कला आणि मग बाजार’ असा जो क्रम नेहमीं सांगितला जातो, तो इतिहासाला धरून नाहीं. आधीं बाजारच होता. त्यानें या मुलांकडे ढुंकून पाहिलें नाहीं, इतकेंच.

या अपयशानंतर त्यांनीं जें केलें तें मात्र अनुकरणीय आहे. १९६९ च्या अखेरीस ते डॉर्किंग गांवाजवळ एका मित्राच्या आईबापांच्या घरीं जाऊन राहिले आणि कित्येक महिने दिवसचे दिवस तालीम करीत बसले. कोणी गिऱ्हाईक समोर नव्हतें. तेथें त्यांचीं गाणीं लांबलीं, त्यांत निरनिराळे भाग आले, बारा तारांच्या गिटारींची हळुवार गुंफण आली. फिलिप्स यांना रंगमंचाची भीति वाटूं लागल्यामुळें ते १९७० त निघून गेले. त्याच वर्षीं ड्रमवर फिल कॉलिन्स आले आणि १९७१ च्या आरंभीं गिटारवर स्टीव्ह हॅकेट. या पांच जणांनीं पुढील चार वर्षांत जें संगीत केलें, त्याला ‘प्रोग्रेसिव्ह’, म्हणजे पुढें जाणारें, रॉक असें म्हणतात. या विशेषणाकडे वाचकांनीं लक्ष ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

‘सपर्स रेडी’ ही त्यांची १९७२ ची रचना सुमारें तेवीस मिनिटांची असून तिचे सात भाग आहेत. शेवटच्या भागांतील चित्रें ‘प्रकटीकरण’ या पुस्तकावरून घेतलेलीं आहेत. तींत एके ठिकाणीं ड्रम व गिटार नऊ मात्रांचें आवर्तन धरून चालतात आणि बँक्स यांचा ऑर्गन त्या आवर्तनाची पर्वा न करितां वरून आपल्या वाटेनें जातो. आमच्याकडील तबला शिकणाऱ्या मुलास यांत नवल वाटणार नाहीं. रूपकाच्या सात आणि झपतालाच्या दहा मात्रा त्याच्या बोटांत बसलेल्या असतात. परंतु चार मात्रांच्या नाचाच्या गतींवर वाढलेल्या इंग्रज तरुणांस हें अपूर्व होतें. गेब्रिएल कधीं कोल्ह्याचें मुंडकें, कधीं फुलाच्या पाकळ्या डोक्यावर चढवून रंगमंचावर येत. १९७३ च्या त्यांच्या तबकडीचें नांव ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’ असें आहे. पाउंड हें वजनहि आहे आणि नाणेंहि. तेव्हां स्वदेश तराजूंत घालून विकला जात आहे, असा त्या नांवांतील टोमणा आहे. ज्यांच्यावर पुढें विकले गेल्याचा आरोप आला त्यांनींच हें नांव ठेविलें होतें, हा योगायोग मोठा बोचरा आहे.

कीर्ति वाढत होती, तरी पैसा वाढत नव्हता. १९७४ च्या अखेरीस निघालेल्या दुहेरी तबकडीचा दौरा संपला तेव्हां मंडळी कर्जांत होती, आणि १९७५ त स्वतः गेब्रिएल सोडून गेले. पुष्कळ गायक ऐकून पाहिल्यावर अखेर ड्रम वाजविणारे कॉलिन्सच गाऊं लागले. १९७७ त हॅकेटहि गेले. उरले तिघे, तसें त्यांनीं १९७८ च्या तबकडीच्या नांवांतच सांगून टाकलें. त्याच तबकडींतील ‘फॉलो यू फॉलो मी’ हें साधें, प्रेमळ, चार मिनिटांचें गाणें इंग्लंडांतील खपाच्या यादींत सातव्या क्रमांकापर्यंत गेलें. दरम्यान तिकडे वाराहि फिरला होता. १९७६-७७ त ‘पंक’ नांवाचें दांडगें संगीत आलें. दोन-तीन मिनिटांत गाणें उरकावें आणि तेवीस मिनिटांच्या रचना करणाऱ्यांची टर उडवावी, असा त्या तरुणांचा बाणा होता.

या पुढच्या काळाविषयीं आमचें मत बहुतेक जुन्या रसिकांच्या मताहून वेगळें आहे. १९८० च्या ‘ड्यूक’ या तबकडीचें उदाहरण घ्या. इंग्लंडांत खपाच्या यादींत प्रथम क्रमांकावर गेलेली ही त्यांची पहिली तबकडी. तिच्यासाठीं त्यांनीं सुमारें अर्ध्या तासाची एक सलग रचना केली होती. परंतु लोक तिची तुलना ‘सपर्स रेडी’शीं करतील म्हणून ती तोडून तिचे तुकडे तबकडीभर पसरले. हा बाजाराचा विजय म्हणावा काय? त्या तुकड्यांपैकींच ‘टर्न इट ऑन अगेन’ हें एक गाणें आहे. तें लोकांनीं डोक्यावर घेतलें, त्यावर सभागृहेंच्या सभागृहें डोलूं लागलीं, आणि त्याचें आवर्तन तेरा मात्रांचें आहे! टाळी धरून ऐकणारा श्रोता दुसऱ्या फेरीलाच चुकतो आणि तरीहि हंसत राहतो. नऊ मात्रांचा विद्वान खेळ करणें कठीण खरें. परंतु तेरा मात्रा सामान्य माणसाच्या पायांत अशा सोडणें कीं त्याला त्या जाणवूंहि नयेत, हें आम्हांस त्याहून कठीण वाटतें. त्याच रचनेंतील ‘डचेस’ हा तुकडा एका गायिकेविषयीं आहे. ती गाते, लोक तिला उचलून धरतात, आणि एके दिवशीं तेच लोक तिच्याकडे पाठ फिरवितात. ज्यांना आपण कोठें चाललों आहों याची शुद्ध नव्हती अशा माणसांचें हें गाणें नव्हे.

१९८१ च्या ‘अबॅकॅब’ या तबकडीच्या वेळीं त्यांनीं याहून धाडस केलें. जें जें आपल्या जुन्या वळणाचें वाटेल तें तें काढून टाकावयाचें, असा निश्चय करून ते कामास बसले. एका गाण्यांत तर अमेरिकेंतील ‘अर्थ, विंड अँड फायर’ या नृत्यगीतांच्या मंडळीचीं पितळी वाद्यें घेतलीं. नंतर हॉलंडांतील लायडन येथें नवीं गाणीं सादर करितांना श्रोत्यांनीं त्यांची हुर्यो केली. त्या श्रोत्यांची निराशा आम्ही समजूं शकतों. ज्या गाण्यावर त्यांचा विशेष रोष होता, तें ‘हू डन इट?’ नांवाचें गाणें आम्हांसहि टाकाऊच वाटतें. परंतु त्या सायंकाळीं व्यापारी वृत्तीनें कोण वागत होतें, याचा विचार करण्यासारखा आहे. ठराविक गिऱ्हाइकास ठराविक माल पुन्हां पुन्हां पुरवीत राहणें हाहि व्यापारच नव्हे काय? दहा वर्षांपूर्वींचें वाण तसेंच बांधून द्या, अशी मागणी श्रोते करीत होते. आणि तें देण्यास मंडळी तयार नव्हती. ज्या संगीताचें नांवच ‘पुढें जाणारें’ असें आहे, त्याच्या भक्तांनीं तें १९७२ च्या मैलाच्या दगडाशीं बांधून ठेवूं पाहावें, ही गंमतच म्हणावयाची.

असो. दुसऱ्या बाजूसहि न्याय दिला पाहिजे.

१९८६ च्या जूनमध्यें ‘इन्व्हिजिबल टच’ ही तबकडी निघाली. तिच्यांतील पांच गाणीं अमेरिकेंतील खपाच्या यादींत पहिल्या पांचांत पोंचलीं व नांवाचें गाणें तर पहिल्या क्रमांकावर गेलें. पुढील वर्षीं जुलैमध्यें लंडनच्या वेम्ब्ली क्रीडांगणावर त्यांचे चार रात्रीं कार्यक्रम झाले. हें सर्व ठीकच. परंतु त्याच तबकडींतील जवळजवळ नऊ मिनिटांचें एक गाणें सुट्या विक्रीसाठीं कापून निम्म्यावर आणलें गेलें, आणि तेंच पुढें एका बीयरच्या जाहिरातींत वाजलें. अमेरिकेंतील दौऱ्यासहि त्या बीयरवाल्यांचें साह्य होतें. येथें मात्र आमचें मन जुन्या रसिकांकडे झुकतें. ‘ड्यूक’च्या वेळीं रचनेस कात्री लागली ती रचणाऱ्यांच्या स्वतःच्या विचारानें, येथें ती विक्रेत्याच्या सोयीनें लागली. कात्री तीच, पण हात निराळा. शिवाय या तबकडींतील कांहीं गाणीं आम्हांस गुळगुळीत नाण्यासारखीं वाटतात. चालतात सर्वत्र, पण त्यांवरील मुद्रा वाचतां येत नाहीं. पूर्वींच्या संगीतांतील इंग्रजी खेडेगांवची थट्टा, बारा तारांची कुजबूज, एखाद्या क्षणीं सर्व वाद्यें थांबून पसरणारी शांतता, हें सर्व त्यांत शोधूनहि सांपडत नाहीं. ही हानि खरी आहे आणि ती लोकप्रियतेच्या आंकड्यांनीं भरून निघत नाहीं. तरीहि ‘डॉमिनो’ ही दहा मिनिटांहून मोठी रचना त्याच तबकडींत आहे. आणि क्रीडांगणावर जमलेल्या त्या अफाट समुदायास मंडळी आपल्या जुन्या दीर्घ रचनांतील भागहि ऐकवीत होती, हें नमूद केलें पाहिजे. चार मिनिटांच्या गाण्यासाठीं आलेल्या कित्येकांनीं त्या रात्रीं प्रथमच तें जुनें संगीत ऐकलें असेल.

त्याच उन्हाळ्यांत आणखी एक मौज घडली. ‘इन्व्हिजिबल टच’ला अमेरिकेंतील पहिल्या क्रमांकावरून खालीं ओढलें तें ‘स्लेजहॅमर’ या गाण्यानें. आणि तें गाणें होतें पीटर गेब्रिएल यांचें! ज्यांच्या जाण्यानें वाद्यवृंदाचा आत्माच गेला असें जुने रसिक म्हणत, तेच गेब्रिएल पितळी वाद्यें व नाचाची लय घेऊन बाजारांत पहिले आले. त्यांना मात्र कोणी फारसें विकले गेले म्हणत नाहीं. याचें कारण आमच्या मतें असें, कीं गेब्रिएल एकटे निघाले होते. एकट्या माणसानें वाट बदलली तर लोक तिला शोध म्हणतात. मंडळीनें जुनें नांव कायम ठेवून वाट बदलली, म्हणून ती फसवणूक ठरली. नांवाशीं श्रोत्यांचें नातें असतें व तें नातें मंडळीनें ओळखावें, इतपत तक्रार रास्त आहे. त्यापलीकडे ती जाऊं नये.

गाणें लहान झालें म्हणजे हलकें झालें, ही समजूत तर आमच्याकडील रसिकांनीं तरी बाळगूं नये. जुन्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक गाणें मावत नसे. यंत्राची व विक्रीची ती अट होती. त्या अटींत मिरजेच्या खांसाहेब अब्दुल करीमखां यांनीं जें भरून ठेविलें आहे, तें ऐकून, राग अपुरा राहिला अशी हळहळ वाटेल. पण खांसाहेब विकले गेले असें म्हणण्यास कोणाची जीभ धजेल?

मग ‘विकला गेला’ म्हणजे काय? आमचें उत्तर असें आहे. स्वतःला जें पटलेलें नाहीं तें, केवळ समोरच्या माणसास आवडेल म्हणून, जो करून देतो तो विकला गेला. मग तें खपो वा न खपो. या मापानें पाहिलें तर या वाद्यवृंदाच्या चरित्रांत विक्रीचा निःसंशय प्रसंग एकच दिसतो, आणि तो १९८६ चा नव्हे. तो १९६८ चा आहे. शाळकरी वयांत आश्रयदात्याची आवड हेरून त्यांनीं दुसऱ्याच्या वळणाचें गाणें करून दिलें, तेव्हां ते विकले गेले होते. पुढें पैसा मिळाला तो त्यांनीं आपल्या मनाचें गाणें लहान व सोपें करावयास शिकल्यावर. कॉलिन्स यांस सरळ, हृदयाला भिडणारें गाणें मनापासून आवडे. रदरफर्ड यांसहि तें साधत असे. तें त्यांनीं कां करूं नये? बावीसाव्या वर्षीं केलेल्या कामाशीं माणसानें पस्तिसाव्या वर्षीं लग्न लावून घेतलें पाहिजे, असा निर्बंध आपण वकिलावर किंवा वैद्यावर घालीत नाहीं.

पालकांशीं आमचें थोडें भांडण आहे. मुलगा गाऊं-वाजवूं लागला, कीं ‘यावर पोट भरेल काय?’ हा पहिला प्रश्न, आणि त्याला चार पैसे मिळूं लागले कीं ‘आतां तो खरा कलावंत झाला,’ हा दुसरा निकाल. या दोहोंच्या मध्यें डॉर्किंगजवळच्या त्या घरांतील हिवाळा कोठेंच बसत नाहीं. तितके महिने आपल्या मुलास बिनहिशेबी तालमीसाठीं देणारे आईबाप आपल्यांत किती निघतील? आणि विद्यार्थ्यांचें म्हणावें, तर स्नेहसंमेलनाच्या तालमींत ‘टाळ्या कोठें पडतील?’ हा प्रश्न हल्लीं नाटुकलें लिहून होण्याच्या आधींच विचारला जातो, हें आम्हीं पाहिलें आहे. उलट तीन-चार हुशार मुलें अशीहि असतात, कीं ज्यावर टाळी पडली तें वाईटच असलें पाहिजे अशी त्यांची खात्री असते. दोघेहि टाळीकडेच पाहत असतात. एक तोंड करून, दुसरा पाठ करून.

जेनेसिसची पुढील हकीकत थोडक्यांत सांगतां येते. १९९६ त कॉलिन्स यांनीं मंडळी सोडल्याचें जाहीर झालें. दुसरा गायक घेऊन १९९७ त एक तबकडी निघाली, ती फारशी रुचली नाहीं. मंडळींतील जुना स्नेह मात्र तुटला नव्हता. गेब्रिएल यांनीं १९८२ त देशोदेशींच्या संगीताचा ‘वोमॅड’ नांवाचा मोठा उत्सव भरविला होता व त्यांत त्यांस भारी कर्ज झालें होतें. तें फेडण्यासाठीं त्याच वर्षीं २ ऑक्टोबरला मिल्टन कीन्स येथें भर पावसांत सर्व जुने सोबती त्यांच्याबरोबर पुन्हां उभे राहिले. हॅकेटहि शेवटच्या गाण्यांना येऊन मिळाले. लायडनच्या हुर्योनंतर एकच वर्ष झालें होतें.

शेवटचा कार्यक्रम २६ मार्च २०२२ रोजीं लंडन येथें झाला. कॉलिन्स यांची प्रकृति खालावली होती. ते खुर्चीवर बसून गायले आणि ड्रमवर त्यांचा मुलगा होता. आरंभ केला तो ‘ड्यूक’साठीं केलेल्या त्या तोडलेल्या दीर्घ रचनेच्या तुकड्यांनीं. मध्यें १९८६ चीं गाणींहि झालीं. अखेरचें गाणें १९७४ च्या तबकडींतील होतें; मूळचें गेब्रिएल यांच्या आवाजांतलें. गेब्रिएल त्या दिवशीं श्रोत्यांत बसले होते.